मामाची खोपी जागची हलली

माझे आजोळ मुंबईत खारदांड्याला आहे. वांद्रे आणि जुहूच्या मध्ये समुद्राकाठी हा कोळीवाडा आहे. मामाच्या घरामागे पत्र्याची खोपी आहे, तिच्यात जाळी ठेवतात.

गेल्या वर्षी उधाणाचे पाणी खोपीत शिरले. जाळी चिखलात लोळली. त्यांचे पैसेही फिटले नव्हते. मामा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, सगळी जाळी घरी येतात. म्हणून यंदा मे महिन्यातच खोपी उंचावर न्यायचे ठरले.

आधी ती रिकामी केली. खाऱ्या हवेने नट गंजलेले, त्यांवर डिझेल सोडून रात्रभर ठेवले, तेव्हा कुठे पत्रे निघाले. खांब दगडांवर उभे होते. त्यांना खालून दोन वासे ठोकले नि कोपऱ्याकोपऱ्यांत तिरके बांबू बांधले. मी विचारले, कशाला? मामा म्हणाला, "अरे, चौकोन ढकलला की कलतो. त्रिकोण कलत नाही."

मग वाशांखाली गोल ओंडके घातले. होडी वाळूवर ओढतात ना, तसेच! मागे सुटलेला ओंडका पुढे नेऊन ठेवायचा, हे काम माझे. एकदा मी घाई केली, ओंडका तिरपा पडला आणि खोपी वळली. आजी ओरडली, "आधी हात काढ!"

नव्या जागी सुतळीने दोन्ही कर्ण मापले. एक चार बोटे जास्त भरला. मामाने कोपरा सरकवला, कर्ण सारखे झाले, मगच पत्रे चढवले.

जुलैत मामाचा फोन आला. पाणी जुन्या दगडांपर्यंत येऊन परत गेले.