बर्फाळ रस्ता आणि मोटारींतील एक लहानसें बटण

मराठवाड्यांतील माणसाची बर्फाशी ओळख बहुधा गोळेवाल्याच्या गाडीपाशीं होते आणि तेथेंच संपते. तेव्हां बर्फावर मोटार कशी चालवावी, हा विषय छत्रपति संभाजीनगरांत बसून लिहिण्याचें प्रयोजन काय, अशी शंका वाचकांस आल्यास नवल नाहीं. परंतु आतां आमच्यांतील कित्येक कुटुंबें नाताळच्या सुटींत स्वतःची मोटार घेऊन मनालीपर्यंत जातात; आणि ज्यांचा मुलगा वा लेक टोरोंटो किंवा शिकागोकडे संसार थाटून आहे, अशा घरांत जानेवारी महिन्यांत दूरध्वनीवरील पहिला प्रश्न रस्त्यावरील बर्फाचाच असतो.

शिवाय हा विषय आमच्या उंबरठ्याशींच येऊन बसलेला आहे. जालना रस्त्यावरील शेंद्रें येथील औद्योगिक वसाहतींत २००१ सालापासून स्कोडा या चेक कंपनीच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. पुढें ऑडीच्या मोटारीही तेथेंच जुळूं लागल्या. या मोटारींचें माहेर मध्य युरोपांतलें. तेथील हिवाळ्यास तोंड द्यावयाचें म्हणून जी व्यवस्था त्यांत आली, तीच उन्हाळ्यांत चाळीस अंश तापणाऱ्या आमच्या शहरांतही त्यांच्या पोटांत असते. चालकापुढें एक लहानसें बटण असतें व त्यावर मागें दोन नागमोडी रेघा काढलेल्या मोटारीचें चित्र असतें. बहुतेक घरांत तें कोणी कधीं दाबीत नाहीं. कांहीं घरांत ‘हें गाडीची ताकद खातें’ असें म्हणून एखादे उत्साही चिरंजीव तें रोज बंद करून ठेवितात. दोन्ही पक्षांस तें काय करतें याची कल्पना नसते.

त्या बटणामागें दोन निरनिराळीं कामें आहेत. पहिलें ट्रॅक्शन कंट्रोलचें, म्हणजे चाकांची पकड सांभाळण्याचें. डाव्या-उजव्या चाकांस इंजिनाचा जोर वांटून देणारी डिफरन्शिअल नांवाची जी रचना असते, तिच्यांत एक स्वभावदोष आहे. एक चाक बर्फावर आणि दुसरें कोरड्या डांबरावर असलें, तर बर्फावरचें चाक भिरभिर फिरत राहतें आणि ज्याच्या पायाखालीं घट्ट जमीन आहे, त्या चाकास जोर मिळत नाहीं. (एकत्र कुटुंबांतही कधीं कधीं असेंच घडतें, पण तो विषय निराळा.) अशा वेळीं हें यंत्र भिरभिरणाऱ्या चाकास आपण होऊन ब्रेक लावतें व इंजिनाचा जोर कमी करतें, त्यामुळें दुसऱ्या चाकास कामाला लागतां येतें.

दुसरें काम स्टॅबिलिटी कंट्रोलचें. चालकानें स्टिअरिंग किती वळविलें आणि मोटार प्रत्यक्षांत किती वळत आहे, या दोहोंची तुलना तें क्षणोक्षणीं करीत असतें. पुढचीं चाकें घसरून मोटार वळण सोडून सरळ जाऊं लागली, तर वळणाच्या आंतल्या बाजूच्या मागच्या चाकास तें ब्रेक लावतें. मोटारीचा मागचा भाग बाहेर फेंकला जाऊं लागला, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकास. माणसाच्या पायाखालीं चारी चाकांचा मिळून एकच ब्रेक असतो. म्हणून हें कौशल्य कितीही निष्णात चालकास साधणारें नव्हे.

बॉश आणि मर्सिडीज या जर्मन कंपन्यांनीं १९९५ सालीं हें दुसरें यंत्र प्रथम मोठ्या व महागड्या मोटारींत बसविलें. उत्तर स्वीडनमध्यें आर्येप्लोग या गांवाभोंवतीं गोठलेलीं सरोवरें आहेत; मोटारवाले आपलीं यंत्रें त्यांवर पारखून घेतात. पण त्याची कीर्ति झाली ती बर्फावर नव्हे. १९९७ सालीं स्वीडनमधील पत्रकारांनीं मर्सिडीजच्या लहान ए-क्लास मोटारीची परीक्षा घेतली. एल्क नांवाचें मोठें हरीण अकस्मात् आडवें आल्यास मोटार झटकन बाजूला घेतां येते कीं नाहीं, हें तींत पाहावयाचें होतें, मोटार उलटली. तेव्हां कंपनीनें हें यंत्र त्या लहान मोटारींतही सरसकट बसविलें. पुढें अमेरिकेनें २०१२ च्या मॉडेलांपासून, आणि युरोपीय संघानें २०१४ च्या नोव्हेंबरपासून सर्व नव्या मोटारींस तें सक्तीचें केलें. आपल्या देशांत २०२३ च्या ऑक्टोबरांत भारत एन्-कॅप ही मोटारींची सुरक्षा-परीक्षा सुरू झाली. तींत तीन वा अधिक तारे मिळवावयाचे तर हें यंत्र असावेंच लागतें. नवी मोटार घेतांना गाद्यांच्या रंगाआधीं हें विचारावें.

आतां मुख्य मुद्दा. हें यंत्र असलेली पकड नीट वांटून देतें. नसलेली पकड निर्माण करीत नाहीं. ताशी ४० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर सुमारें ८ मीटरांत थांबते. दाबल्या गेलेल्या बर्फावर तिला सुमारें २५ मीटर लागतात, आणि कांचेसारख्या गोठलेल्या थरावर ६० मीटरांहून अधिक. शिवाय चालकाचें ध्यान जाऊन पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यांत मोटार ११ मीटर पुढें सरकलेली असते. मात्र वेग निम्म्यावर, म्हणजे २० वर आणला, तर ब्रेक लागल्यानंतरचें अंतर निम्म्यावर नव्हे, चवथाईवर येतें. हा हिशेब बदलण्याची शक्ति कोणत्याही बटणांत नाहीं. चारी चाकांस जोर देणाऱ्या मोटारींचाही याच ठिकाणीं गैरसमज होतो. त्या बर्फांतून चटकन निघतात खऱ्या. थांबतांना मात्र त्यांना इतरांहून अधिक कांहीं मिळत नाहीं.

म्हणून बर्फावर चालतांना तें बटण चालूच ठेवावें. समोरचा दिवा लुकलुकूं लागला, तर यंत्र आपलें काम करीत आहे आणि रस्ता निसरडा झाला आहे, असें समजून वेग उतरवावा. घाबरून ब्रेकवर उभें राहूं नये. दिवा सतत जळत राहिला, तर यंत्र बंद केलेलें आहे किंवा बिघडलें आहे. जोरानें ब्रेक लावल्यावर पायाखालीं थरथर जाणवते. ती एबीएस यंत्राची असते. तेव्हां पाय उचलूं नये, दाबूनच धरावा.

बंद करण्याचा प्रसंग एकच : मोटार खोल, भुसभुशीत बर्फांत रुतून बसली म्हणजे. चाक जरा फिरलें कीं यंत्र इंजिनाचा जोर काढून घेतें, आणि मोटार जागची हालत नाहीं. अशा वेळीं ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून, हलक्या पायानें थोडें पुढें थोडें मागें झुलवीत, मोटार बाहेर काढावी, आणि बाहेर येतांच बटण पुन्हां दाबावें. कित्येक मोटारींत थोडा वेळ दाबल्यास केवळ पहिलें काम बंद होतें व अधिक वेळ दाबून धरल्यास दुसरेंही. म्हणून मोटारीसोबत आलेली पुस्तिका प्रवासापूर्वीं एकदां उघडावी. घरांत सुना-लेकीही मोटार चालवितात; त्यांनींही ती वाचावी. चाकांस साखळ्या लावल्यावर ट्रॅक्शन कंट्रोल बंद ठेवा, असें कांहीं पुस्तिकांत सांगितलेलें असतें.

हेंच शास्त्र आमच्याकडील काळ्या मातीच्या चिखलास लागू आहे. पहिल्या पावसांत ट्रॅक्टरांच्या चाकांनीं शेतांतील माती डांबरावर येते. भिजली कीं ती साबणासारखी होते. कन्नडचा घाट चाळीसगांवाकडे उतरतांना वळणावर असा पट्टा लागला, तर स्टॅबिलिटी कंट्रोलचें मोल कळतें. ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं अतिवृष्टीनें याच घाटांत दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. दरडीपुढें कोणतेंही यंत्र चालत नाहीं. परंतु दरड उपसल्यानंतर रस्त्यावर जो राडा उरतो, त्यावर तें निश्चित उपयोगी पडतें. शेताच्या बांधावर मोटार रुतली, तर वर सांगितलेली झुलविण्याची रीत येथेंही चालते.

राहतां राहिले टायर. त्यांचा विचार वस्तुतः बटणाच्याही आधीं व्हावयास पाहिजे. आपल्याकडील टायरांचें रबर सुमारें ७ अंशांखालीं कडक होत जातें व त्याची पकड घटते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत म्हणूनच १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्यानेंच लावावे लागतात. त्यांवर डोंगराच्या तीन शिखरांत हिमकण असें चिन्ह असतें. परदेशीं नव्यानें गेलेल्या मुलानें जुनी मोटार घेतली असेल, तर तें चिन्ह पाहून घेण्यास त्यास अवश्य सांगावें. मनालीस जाणारांस दोन दिवसांकरितां असे टायर घेणें परवडणारें नाहीं. त्यांनीं आपली मोटार मनालींतच ठेवावी व बर्फ पडलेला असतां पुढें सोलंगकडे स्थानिक चालकाच्या, साखळ्या लावलेल्या गाडीनें जावें. त्या वाटेवर बर्फ पडूं लागला म्हणजे पोलीसही बहुधा तशाच गाड्या, किंवा चारी चाकांस जोर देणाऱ्या, पुढें सोडतात.