‘लूट’ इंग्रजीत गेली. सोने, वाण येथेच राहिले

महापूर, भूकंप वा दंगलीच्या इंग्रजी बातम्यांत ‘लूट’ हे क्रियापद हमखास भेटते. उच्चार जवळजवळ आपलाच, आणि यात योगायोग काही नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात हा हिंदी शब्द इंग्रजांच्या तोंडी बसला. त्याचे मूळ संस्कृत ‘लुण्ट्’ धातूत की चोरीचा माल या अर्थाच्या ‘लोत्र’ शब्दात, याविषयी कोशकारांत एकमत नाही. ‘प्लंडर’, ‘पिलेज’ हे शब्द पदरी असताना (त्यांतला ‘प्लंडर’ही जर्मनांकडून घेतलेला) इंग्रजीने तो स्वीकारला. यूल व बर्नेल यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशानुसार १८४१चे चीनमधील युद्ध, क्रिमियाचे युद्ध आणि १८५७चा उठाव या काळात तो इंग्लंडातही हळूहळू रुळला. सैन्यामागून शब्दही चालत गेला म्हणायचा!

‘स्टील’ म्हणजे चोरणे. ‘रॉब’ केली जाते ती व्यक्ती वा बँक. ‘लूट’ला मात्र युद्धाची अथवा अराजकाची पार्श्वभूमी लागते. त्यामुळे हे क्रियापद कृतीबरोबर करणाऱ्यावरही शिक्का मारते. २००५ मध्ये ‘कॅटरिना’ चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये टिपलेली दोन छायाचित्रे याच कारणाने गाजली. दोन्हींत छातीभर पाण्यातून खाद्यपदार्थ नेणारी माणसे होती. एका वृत्तसंस्थेने कृष्णवर्णीय तरुणाने दुकान ‘लूट’ केल्याचे लिहिले. दुसरीच्या ओळीत गौरवर्णीय जोडप्याला पाव व शीतपेय ‘सापडले’ होते. आपण जे पाहिले तेच लिहिले, असा खुलासा दोन्ही बाजूंनी झाला. वाद मात्र शमला नाही, आणि तो सारा एका क्रियापदाचा होता.

मराठीत ‘लुटणे’ इतके एकमार्गी नाही. सुरतेची लूट इतिहासात आहे. पण दसऱ्याला आपट्याचे सोने लुटतात, सहलीत आनंद लुटतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण ‘लुटले’ म्हणजे तर चक्क वाटले! या छटा इंग्रजांनी नेल्या नाहीत. तेथे नाम म्हणून बोलीत पैसा आणि संगणकीय खेळांत हाती लागणारा ऐवज असे अर्थ जोडले गेले. क्रियापद लुटारूंचेच राहिले. म्हणून ‘आनंद लुटला’ याचे भाषांतर करताना ‘एन्जॉय’च वापरावे. ‘लूट’ लिहिल्यास वाचणारा इंग्रज आनंद कोणाचा चोरला, हे शोधू लागेल.