'चौघीजणी' वाचताना



आज एका पुस्तकाबद्दल बोलायचं आहे. "आम्हाला कुठं वेळ आहे वाचायला?" असं कुणी म्हणायच्या आत सांगते, हे पुस्तक घरखर्चाचं, उसनवारीचं आणि बहिणी-बहिणींच्या भांडणाचं आहे. नाव 'चौघीजणी'. अमेरिकेतल्या लुइसा मे अल्कॉट यांची ही कादंबरी १८६८ साली आली. सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, त्यानंतर वीस वर्षांनी. मराठीत ती शान्ता शेळके यांनी आणली. ज्यांची भावगीतं, कोळीगीतं आपण रेडिओवर ऐकतो, त्याच शान्ताबाई.

गोष्ट साधी आहे. मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चार बहिणी. वडील युद्धावर गेलेले. गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत १८६१ ते १८६५ जे युद्ध झालं, तेच हे युद्ध. ती गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांनाच जोतिराव फुल्यांनी १८७३ साली आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं. तर या मुलींचे वडील एका अडचणीतल्या मित्राला मदत करता करता बुडाले होते. असं घर दाखवायला आपल्याला अमेरिकेत जावं लागत नाही. थोरली मेग श्रीमंताघरी मुलांना शिकवायला जाते, ज्यो वडिलांच्या म्हाताऱ्या आत्याच्या दिमतीला राहते. वाळूजच्या एमआयडीसीत ड्युटी करून पगार आईच्या हातात ठेवणाऱ्या मुली मला यांच्यात दिसतात.

एके दिवशी तार येते : वडील फार आजारी आहेत, निघून या. आईला प्रवासाला पैसे हवेत. त्या आत्याकडून उसने मागण्यावाचून इलाज नसतो. आत्या पैसे देते, पण टोमणे मारून देते. ज्यो मात्र बाहेर जाते आणि आपले लांबसडक केस विकून २५ डॉलर आणते. दिवसभर हसून वेळ निभावते आणि रात्री अंधारात रडते. वडिलांसाठी नव्हे, केसांसाठी.

इथं मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. अडीनडीला गळ्यातलं गहाण ठेवणाऱ्या कितीतरी बायका आपण पाहतो. "घरासाठीच दिलं की," असं त्या म्हणतात. तेही खरं असतं आणि रात्रीचं रडणंही खरं असतं. त्याग केला म्हणून वाईट वाटू नये, असं थोडंच आहे? शिवाय टोमणे न खाता कर्ज मिळणं किती मोलाचं असतं, हे बचत गटातल्या बाईला वेगळं सांगायला नको.

एका जागी मात्र माझं या पुस्तकाशी पटत नाही. आई गावाला गेलेली असताना शेजारच्या गरीब घरात बाळ आजारी पडतं. जाऊन बघायचं कुणी? मेग दमलेली, ज्योला सर्दी. शेवटी न बोलणारी बेथ जाते आणि तापाचा संसर्ग घेऊन येते. त्यातून ती वाचते, पण पुन्हा धडधाकट होत नाही, आणि पुढं जाते. पुस्तक तिच्या शांतपणाचं कौतुक करतं. मला वाटतं, जी बोलत नाही तिच्याच वाट्याला काम का येतं, हे आपण विचारायला हवं. प्रत्येक घरात एक बेथ असते.

लेखिकेचं आयुष्यही ऐकण्यासारखं आहे. वडील विद्वान, पण कमाई बेताची. म्हणून लुइसाबाईंनी शिवणकाम केलं, घरकाम केलं, शिकवलं, युद्धात जखमींची शुश्रूषा केली आणि तिथं टायफॉइड होऊन मरता मरता वाचल्या. 'चौघीजणी'चे हक्क त्यांनी एकरकमी पैसे घेऊन विकले नाहीत, स्वतःकडे ठेवले. पुस्तक खपत गेलं तसा पैसा येत गेला आणि घरावरचं कर्ज फिटलं. आपल्या कामाची किंमत आणि त्यावरचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कळलं होतं. १८७९ साली तिथल्या बायकांना शाळा समितीच्या निवडणुकीत मत मिळालं, तेव्हा कॉन्कॉर्ड या आपल्या गावात मतदार म्हणून नाव नोंदवणारी पहिली बाई त्याच होत्या.

आता वाचायचं कसं ते सांगते. गटाची बैठक संपली, हप्ते गोळा झाले, की वीस मिनिटं बसा. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी निवडणं-टिपणं करत ऐकावं. परकी नावं पहिल्या दोन बैठकांत अडखळवतील, मग घरातलीच वाटतील. सगळं एकदम संपवायची घाई नको. थांबून एकमेकींना विचारा : ज्योच्या जागी मी असते तर काय विकलं असतं? माझ्या घरातली बेथ कोण? आणि ती मीच तर नाही ना?

शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला बसवलंत तर आणखी चांगलं. ज्योला लिहायची हौस होती आणि आईनं तिला कधी अडवलं नाही. आपल्या पोरीच्या वहीत काय आहे, तेही त्या निमित्तानं आपल्याला कळेल.