पापडखार, ग्लुटेन आणि नूडल्सचं सूप

एका वाचक भगिनींनी विचारलंय, ‘घरी चायनीज नूडल्स सूप करते. साहित्य सगळं घालते, पण पाच मिनिटांत नूडल्स सुपात लिबलिबीत होतात आणि सुपाला हॉटेलची चव काही येत नाही. अजिनोमोटो घरात आणायचं नाहीये. काय चुकतं?’

प्रश्न दोन आहेत, पण दोन्हींची उत्तरं गव्हातल्या एकाच प्रथिनाशी येऊन थांबतात. हे प्रथिन म्हणजे ग्लुटेन. ते घट्ट बांधून ठेवलं तर नूडल्स टिकतात आणि ते तोडलं तर चव मोकळी होते.

ग्लुटेन डोळ्यांनी पाहता येतं. मूठभर मैदा घट्ट भिजवा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग तो गोळा पाण्याच्या वाडग्यात बुडवून हलक्या हातानं चुरत राहा. पाणी पांढरं होईल, तो स्टार्च. पाणी चार-पाच वेळा बदललं की हातात एक करडा-पिवळट, रबरी गोळा उरेल. ओढला तर लांबतो, सोडला तर आखडतो. चीनमध्ये हा गोळा उकडून किंवा तळून भाजीत घालतात. आपल्यासाठी मुद्दा असा की गरम सुपात नूडल्सचा आकार टिकवायचं काम मुख्यतः याच्याकडे असतं. साध्या पाण्यात भिजवलेल्या मैद्यात त्याची वीण सैल राहते. ती घट्ट करायची युक्ती चीनच्या वायव्येकडच्या गान्सू प्रांतात फार जुनी आहे.

या प्रांताची राजधानी लांझोऊ, पीत नदीच्या काठावरची. तिथले लोक सकाळी नाश्त्याला गोमांसाच्या रश्शातल्या नूडल्स खातात. आज ती वाटी ज्या रूपात ओळखली जाते त्याचं श्रेय मा बाओझी या हुई मुस्लिम विक्रेत्याला दिलं जातं, साल १९१५. चांगल्या वाटीची कसोटी तिथं ठरलेली आहे : रस्सा नितळ, मुळ्याच्या चकत्या पांढऱ्या, मिरचीचं तेल लाल, कोथिंबीर आणि लसणाची पात हिरवी, आणि नूडल्स पिवळ्या. नूडल्स गिऱ्हाईकासमोर हातानं ओढतात. कणकेची एक जाड दोरी दोन्ही टोकांना धरून ताणायची, दुमडायची, पुन्हा ताणायची. दर घडीला तारा दुप्पट होतात, म्हणजे आठव्या घडीला २५६. केसासारख्या बारीक तारांपासून पट्ट्यासारख्या रुंद नूडल्सपर्यंत, ज्याला हव्या तशा.

या कणकेत अंडं नसतं. मग पिवळेपणा आणि न तुटता ताणलं जाण्याची ताकद कुठून येते? राखेतून. त्या कोरड्या मुलखात खारट जमिनीवर एक झुडूप उगवतं. ते खड्ड्यात जाळलं की त्यातले क्षार वितळून खाली साचतात आणि थंड झाल्यावर त्यांचा दगडासारखा खडा होतो. त्याला पेंगहुई म्हणतात. खडा कुटायचा, पाण्यात उकळायचा, पाणी गाळून कणकेला लावायचं. आता बहुतेक ठिकाणी कारखान्यात तयार झालेली पूड वापरतात, पण रसायन त्याच कुळातलं. खड्यात मुख्यतः असतं पोटॅशियम कार्बोनेट.

आणि इथं मला आपल्या उन्हाळ्यातल्या वाळवणांची आठवण येते. आपण पापडात घालतो तो पापडखार याच घराण्यातला, फक्त पोटॅशियमऐवजी सोडियमचा. उडदाच्या पिठात तो जे काम करतो त्याच्याच जवळचं काम पेंगहुई गव्हाच्या पिठात करते. महाराष्ट्राला तर या खाराचा निसर्गदत्त साठा मिळालेला आहे. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं सरोवर उल्कापातानं तयार झालं, हे आपण शाळेत शिकतो. त्याचं पाणी सोडियम कार्बोनेटमुळे तीव्र अल्कधर्मी आहे आणि त्यातून एके काळी खार काढला जात असे, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ‘ऐन-इ-अकबरी’मध्ये अबुल फजल लोणारबद्दल लिहितो ते इथं काच आणि साबण बनवायला लागणारं सगळं मिळतं म्हणून. उल्केच्या खळग्याचं कौतुक व्हायलाच हवं, पण त्यातल्या खाराचा इतिहास आपण विस्मरणात ढकलला, याचं मला वाईट वाटतं.

खार पिठात गेला की दोन गोष्टी घडतात. ग्लुटेनचे बंध आवळले जातात. कणीक मळताना ती हाताला चांगलाच विरोध करते आणि शिजलेली नूडल गरम रश्शात लवकर फुगत नाही. दुसरी गोष्ट रंगाची. गव्हात फ्लॅव्होनॉइड गटातली काही द्रव्यं असतात. एरवी ती जवळजवळ रंगहीन, अल्कधर्मी परिसरात मात्र पिवळी. हळदीचं कुंकू होतं ते अशाच कारणानं. हळदीतलं कर्क्युमिन चुन्याशी किंवा खाराशी गाठ पडली की लाल होतं, आणि पारंपरिक कुंकू बनवणाऱ्यांनी कर्क्युमिनचं नावही ऐकलं नव्हतं तेव्हापासून हा बदल ते वापरत आले. एका वाटीत गव्हाच्या पिठाचं पाणी घ्या, त्यात चिमूटभर खार टाका आणि उजेडात धरून बघा. कोंड्यामुळे मैद्यापेक्षा कणकेत रंग जास्त उठून दिसतो.

पापडखार हाताशी नसेल किंवा त्याच्या शुद्धतेची खात्री नसेल तर खाण्याच्या सोड्यापासून खार घरी करता येतो. सोडियम बायकार्बोनेट तापवलं की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातात आणि सोडियम कार्बोनेट उरतं. ओव्हनमध्ये १२० ते १५० अंश सेल्सिअसला तासभर ठेवलं की झालं. १०० ग्रॅम सोड्याचे साधारण ६३ ग्रॅम उरतात, म्हणजे क्रिया पूर्ण झाली का, हे वजनकाटाच सांगतो. ही युक्ती हॅरल्ड मॅक्गी या अन्नरसायनावर लिहिणाऱ्या लेखकानं २०१० मध्ये अमेरिकेतल्या वाचकांना सांगितली आणि ती जगभर पसरली. २०० ग्रॅम मैद्याला २ ग्रॅम खार, २ ग्रॅम मीठ आणि ८० ते ९० मिलिलिटर पाणी. खार आणि मीठ आधी पाण्यात पूर्ण विरघळवा. गोळा सुरुवातीला कोरडा, भुसभुशीत वाटेल, पाणी वाढवू नका. झाकून अर्धा तास ठेवला की तो मळण्याजोगा होतो. मग पातळ लाटा, पीठ भुरभुरा आणि सुरीनं कापा. हातानं ओढण्याचं कसब वर्षांच्या सरावाचं आहे, सुपासाठी त्याची गरज नाही.

ग्लुटेनच नसेल तर? २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात चीनमधल्या लाजिया इथल्या उत्खननाचं वृत्त आलं. उपडं पडलेलं मातीचं भांडं, त्याखाली सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या नूडल्स आणि त्या राळा व त्याच्यासारख्याच दुसऱ्या भरडधान्याच्या. जगभर मथळे झळकले. काही वर्षांनी दुसऱ्या संशोधकांनी रास्त शंका काढली, की या धान्यांत ग्लुटेन नाही, मग त्यांच्या लांब तारा ओढल्या कशा? त्यावर मूळ संशोधकांचं उत्तर होतं की तारा ओढलेल्या नसतील, शिजवलेलं पीठ दाबून पाडलेल्या असतील. वादाचा निकाल काहीही लागो, ही पद्धत चालते याची साक्ष मालवणातलं कुठलंही घर देईल. शिरवाळ्यांसाठी तांदळाच्या पिठाचे गोळे आधी उकडतात आणि गरम असतानाच शेवग्यातून पाडतात. उकडल्यावर फुललेला स्टार्चच तिथं ग्लुटेनचं काम करतो.

आता रस्सा. कोंबडीची हाडं थंड पाण्यात घालून एक उकळी आणा, वर येणाऱ्या फेसासकट ते पाणी फेकून द्या, हाडं धुऊन नव्या पाण्यात ठेवा. पुढं आच मंद हवी. खदखदा उकळलं की चरबीचे बारीक कण पाण्यात मिसळतात आणि रस्सा गढूळ होतो. कुकर वापरायचा असेल तर शिट्टी होऊ देऊ नका. कुकरमधलं पाणी १०० अंशांच्या वर असलं तरी दाबामुळे शांत असतं. शिट्टीतून वाफ सुटली की दाब एकदम उतरतो आणि आतलं पाणी उसळून खदखदतं. आच बारीक ठेवा, शेवटी दाब आपोआप उतरू द्या. रस्सा नितळ निघेल. हाडांतल्या कोलॅजेनचं जिलेटिन होऊन रश्शाला दाटपणा येतो, तो जिभेला सुखावतो. ‘बोन ब्रॉथ’ प्यायल्यानं सांधे दुरुस्त होतात, असं सांगून आज जे विकलं जातंय त्यावर मात्र विश्वास ठेवू नका. पोटात गेलेलं कोलॅजेन इतर प्रथिनांसारखंच पचतं.

राहिली चव. १८६६ मध्ये कार्ल हाइनरिख रिटहाउझेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं गव्हाच्या ग्लुटेनवर आम्लाची क्रिया करून ग्लुटामिक आम्ल वेगळं काढलं. १९०८ मध्ये टोकियोत किकुनाए इकेदा यांना कोंबू या समुद्री शेवाळाच्या रश्शात तेच सापडलं आणि त्यातूनच अजिनोमोटो बाजारात आलं. इकेदांचं नाव सगळीकडे घेतलं जातं. वू युनचू यांचं कुणी घेत नाही, म्हणून मी घेतो. १९२०च्या सुमारास शांघायमध्ये जपानी अजिनोमोटोच्या जाहिराती झळकत होत्या आणि जपानी मालावरच्या बहिष्काराचं वारंही होतं. वू यांनी ती पूड आणून तपासली, ती सोडियम ग्लुटामेट आहे हे ओळखलं आणि घरातच पत्नीच्या मदतीनं ग्लुटेन हायड्रोक्लोरिक आम्लात तासनतास तापवायला सुरुवात केली. त्या वासानं शेजारी हैराण झाले होते, असं सांगतात. सॉय सॉसच्या धंद्यातल्या झांग यीयुन यांनी भांडवल दिलं आणि १९२३ मध्ये ‘तियानचू’ कंपनी उभी राहिली. आम्लासाठी परदेशावर अवलंबून राहायला नको म्हणून वू यांनी १९२९ मध्ये हायड्रोक्लोरिक आम्लाचा कारखानाही काढला. चीनच्या आधुनिक रसायन उद्योगाचा एक पाया असा सुपाच्या चवीसाठी घातला गेला.

प्रथिनात बांधलेलं ग्लुटामेट जिभेला कळत नाही, सुटं झालेलं कळतं. वू यांनी ते आम्लानं सुटं केलं. सॉय सॉसमध्ये बुरशीची विकरं गहू आणि सोयाबीनमधलं तेच ग्लुटामेट महिनोन्‌महिने सावकाश सुटं करतात. पिकलेल्या टोमॅटोत ते आयतं असतं, आईच्या दुधातही. १९६८ मध्ये एका डॉक्टरनं ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला चिनी हॉटेलात जेवल्यावर होणाऱ्या त्रासाबद्दल पत्र लिहिलं. त्यात सॉय सॉस, स्वयंपाकातली वाइन, मीठ अशा अनेक शक्यता होत्या, पण डाग लागला तो ग्लुटामेटला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपल्याला त्रास होतो असं सांगणाऱ्या १३० जणांना ओळख लपवून ग्लुटामेट दिलं गेलं. पुन्हापुन्हा तपासल्यावर त्रास सातत्यानं दिसला नाही. २०१५ मध्ये मॅगीच्या प्रकरणात आपल्याकडे ही भीती पुन्हा जागी झाली. तिथं वाद शिशाचा आणि वेष्टनावरच्या मजकुराचा होता.

तेव्हा भगिनींना सांगणं असं : कोंबडीच्या रश्शात इनोसिनेट असतं, सुकवलेल्या शिताके मशरूममध्ये ग्वानिलेट, यांची ग्लुटामेटशी जोडी जमली की चव कित्येक पटींनी वाढते, हे अकिरा कुनिनाका यांनी दाखवलंय. रश्शात दोन-तीन सुकी मशरूम आणि शेवटी चमचाभर सॉय सॉस घाला, अजिनोमोटोची गरज पडणार नाही. शाकाहारी असाल तर मशरूमबरोबर टोमॅटो घ्या. कुणी चिमूटभर अजिनोमोटो घातलंच तर घाबरण्यासारखंही काही नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र सॉय सॉसमधलं मीठ हिशेबात धरावं. नूडल्स नेहमी वेगळ्या, भरपूर पाण्यात उकडा आणि निथळून वाटीत घ्या. थेट रश्शात टाकल्या तर स्टार्च आणि खार उतरून रस्सा गढूळ होतो आणि साबणासारखा लागतो. खार काट्यावर मोजूनच घ्या, उघड्या हातानं हाताळू नका, आणि धुण्याचा सोडा स्वयंपाकात कधीही वापरू नका.