मोरीवरचा खिळा

सकाळचे साडेसात. कापसहेड्यात एका गल्लीच्या तोंडाशी, नाल्यावरच्या मोरीवर माझा भाचा वाकून उभा आहे. मोरीच्या काँक्रीटमध्ये एक पितळी खिळा ठोकलेला आहे आणि त्याच्या डोक्यावर टाचणीने टोचावा तेवढा ठिपका. त्या ठिपक्याच्या बरोब्बर वर, तिपाईवर, पांढऱ्या अळंबीसारखा दिसणारा अँटेना बसवायचाय. भाचा खालचे स्क्रू इकडे-तिकडे फिरवत बबल मधोमध आणतोय, श्वास रोखून.

"आत्या, जरा हलू नकोस."

मी चार हात लांब आहे. तरी थर्मास छातीशी धरून गप्प उभी राहते.

गल्लीतून माणसांचा लोंढा निघालाय. पलीकडे हरियाणाची हद्द, उद्योग विहारातले शिलाईचे कारखाने. डबे हातात, कानाला मफलर, आणि चालता चालता प्रत्येकाची नजर तिपाईवर. "रोड चौड़ी होगी क्या?" एकजण विचारतो. "नहीं जी, ज़मीन नाप रहे हैं," भाचा मान वर न करता सांगतो, आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. दिल्लीत इतकी वर्षं काढल्यावर मला कळतं की हे उत्तर इथे देऊ नये. जमीन मोजायला आले की मागून बुलडोझर येतो, अशी लोकांची समजूत, आणि ती उगीच नाही. बरोबरचा खलाशी शहाणा आहे. तो लगेच सावरून घेतो, "ऊँचाई, भाईसाब. सिर्फ़ ऊँचाई." (सर्व्हेच्या जगात मदतनिसाला खलाशी म्हणतात. समुद्र इथून हजार किलोमीटरवर असला तरी.)

आता टेप. खिळ्यापासून अँटेनाच्या कडेपर्यंत तीन बाजूंनी मोजमाप, तिन्हींची सरासरी. भाचा वहीत लिहितो, १.५४७ मीटर. शेवटच्या सातावर पेन्सिल दोनदा फिरवतो. "सगळं महागडं यंत्र एकीकडे आणि हा आकडा एकीकडे. हा चुकला की घरी बसून कितीही गणित केलं तरी फुकट."

बटण दाबलं जातं. हिरवा दिवा. छोट्या पडद्यावर उपग्रहांचे ठिपके उगवतात, वीस-बावीस. अमेरिकेचे, रशियाचे, युरोपचे, चीनचे, थोडे आपल्या नाविकचे. वीस हजार किलोमीटर आणि त्याहूनही लांबून येणारी रेडिओची कुजबुज हा अँटेना ऐकतोय, आणि अजून चार तास ऐकत बसणार. रस्त्याचा नकाशा करायचा तर इतकं थांबावं लागत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाची कायमची संदर्भकेंद्रं देशभर हजाराच्या आसपास आहेत, त्यांच्याकडून मोबाइलवरून दुरुस्ती येते आणि काठी टेकवली की काही क्षणांत सेंटीमीटरपर्यंतचा ठाव लागतो. पण उंचीचं दुखणं वेगळं आहे. उपग्रह सगळे डोक्यावर, पायाखालून एकही दिसत नाही, त्यामुळे डावं-उजवं नेमकं कळतं आणि वर-खाली डळमळतं. म्हणून बसून राहायचं.

मी चहा ओतते आणि शेजारच्या बंद बोअरवेलच्या ओट्याकडे बोट दाखवते. तो किती मजबूत आहे, खिळा तिथे का नाही ठोकला?

"तो ओटा खोटं बोलेल," भाचा म्हणतो. बोअरचा पाइप खोल गेलेला असतो. वरची माती दबली तरी पाइप आपल्या जागी उभा राहू शकतो, आणि ओटा त्याला धरून. आजूबाजूचं सगळं खाली गेलं तरी तो म्हणणार, मी आहे तिथेच आहे.

मुद्दा हाच आहे. इथली जमीन खाली जाते. २०२२ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये एक अभ्यास आला, त्यात आयआयटी मुंबईचे संशोधक होते. त्यांनी दिल्लीवरून जाणाऱ्या युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची रडारचित्रं एकावर एक ठेवली. कापसहेडा २०१४ ते २०१६ मध्ये वर्षाला सुमारे ११ सेंटीमीटर दबत होता, पुढच्या दोन वर्षांत हा वेग १७ वर गेला. खचणारा पट्टा साडेबारा चौरस किलोमीटरचा, विमानतळापासून जेमतेम ८०० मीटरवर. १७ सेंटीमीटर म्हणजे घराची एक पायरी, दर वर्षी. पण पट्टाच्या पट्टा एकदम खाली जातो, म्हणून पायऱ्यांवर राहणाऱ्याला पत्ता लागत नाही. भिंतीला तडा गेला की तो घरमालकाच्या सिमेंटला शिव्या घालतो.

"आणि ते सातशे किलोमीटरवरून दिसतं?" मी विचारते. खरं तर मला हे त्याने दोनदा समजावलंय.

तो खांद्याची पिशवी खाली ठेवतो, हातवारे सुरू होतात. उपग्रहाचा अँटेना बारा मीटर लांब. तो खाली लाट सोडतो, साडेपाच सेंटीमीटरची. ती गच्चीचा कठडा, ट्रान्सफॉर्मरची पेटी, लोखंडी जिना यांच्यावर आपटून परत जाते. बारा दिवसांनी पुन्हा त्याच वाटेवरून तीच लाट. दरम्यान कठडा जरा खाली गेला असेल, तर परतलेल्या लाटेचा ठेका चुकतो. चुकलेला ठेका मोजला की मिलिमीटर हाती येतात. मला ते तबल्यासारखं वाटतं, मात्रेच्या अंशाने सम हुकली तरी जाणत्याच्या कानाला कळते. "साधारण तसंच," म्हणून भाचा मला उत्तीर्ण करतो.

जमीन खचण्याचं कारण मात्र साधं आहे, पाणी. नळ पोचला नाही तिथे बोअर पोचला. नजफगढकडच्या या सपाट गाळात चिकणमातीचे थर आहेत. कणांमधलं पाणी उपसलं की वरचा भार कणांवर येतो, थर चेपतात, आणि चेपलेली चिकणमाती पुन्हा पाणी दिलं तरी पुरती फुगत नाही. अरवलीच्या खडकावर बसलेली दिल्ली मात्र हलत नाही.

मी द्वारकेत राहते, इथून थोड्याच अंतरावर. त्याच अभ्यासात द्वारकेची जमीन आधी खचताना आणि नंतर किंचित वर येताना दिसते, आणि याचं श्रेय पावसाचं पाणी जिरवण्याला दिलंय. आमच्या सोसायटीत पाणी जिरवायच्या खड्ड्यांच्या खर्चावरून झालेली भांडणं मला आठवतात. विरोधात मत देणाऱ्यांत मीही होते. हे मी भाच्याला सांगत नाही.

डोक्यावरून विमान इतकं खाली जातं की बोलणं तुटतं. पडद्यावर उंचीचा आकडा आहे, पण विमानतळाची नोंद २३७ मीटर असताना हा त्यापेक्षा कितीतरी खालचं काही सांगतोय. यंत्र बिघडलं का? नाही. उपग्रह पृथ्वीच्या गणिती अंडाकृतीपासून मोजतात, आपण समुद्रापासून. दिल्लीत या दोन्हींत पन्नासेक मीटरचा फरक पडतो. आपली समुद्रपातळीही माणसांनी ठरवलेली आहे, मुंबई, कारवार धरून नऊ बंदरांवर भरती-ओहोटी मोजून, १९०९ च्या हिशोबाने.

"आता निसार आहे ना," भाच्याचा आवाज चढतो. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला, इस्रो आणि नासाचा रडार उपग्रह. बारा मीटर व्यासाची जाळीची छत्री, घडी घालून नेलेली, वर जाऊन उघडलेली. दोन लाटा, नासाची २४ सेंटीमीटरची आणि आपली साडेनऊची. लांब लाट झाडोऱ्यातून खाली उतरते, शेतातसुद्धा जमीन वाचते. "मग तुझा हा खिळा कशाला?" तो जरा दुखावतो. वरून दिसलेलं खरं आहे की नाही, ते कुणीतरी खाली उभं राहून सांगायला नको?

साडेदहा. टँकर येतो आणि गल्लीचा नूर बदलतो. निळे ड्रम, डबे, बादल्या, पाइपची टोकं पकडायला गच्चीवरून ओरडणारी पोरं. खलाशी हात पसरून तिपाईभोवती उभा, "दीदी, दूर से, दूर से!" एक बाई ड्रम टेकवून मला विचारते, हे पाण्याच्या लाइनीचं आहे का. मी नाही म्हणते. "तो फिर किस काम का?" ती म्हणते आणि पाइपकडे धावते. टँकरचं पाणी सांडून मोरीच्या कडेने वाहतंय.

साडेअकराला भाचा रेकॉर्डिंग थांबवतो. यंत्र काढण्याआधी पुन्हा टेप, पुन्हा तीन बाजू. मग बबलकडे बघतो, तो कडेला सरकलाय. तिपाईचा तिसरा पाय काँक्रीटच्या बाहेर, ओल्या मातीत आहे. खलाशी जीभ चावतो. भाचा काही बोलत नाही. सकाळच्या १.५४७ खाली तो १.५४४ लिहितो आणि वेळ टाकतो.

"उद्या परत?" मी विचारते.

"उद्या परत. थर्मास मोठा आण."