कंपनीची पारख

आमच्या कंग्राळीचा शेतकरी बैल घेताना त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवूनही पाहतो. तोच शेतकरी घामाचा पैसा एखाद्या कंपनीच्या शेअरांत घालताना मात्र शेजाऱ्याच्या शब्दावर विसंबतो. वस्तुतः शेअर घेणे म्हणजे त्या धंद्याचे अंशतः धनी होणे होय. दीर्घकाळच्या या भागीदारीस कोणत्या कसोट्या लावाव्यात, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

पहिली कसोटी मालाची. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांनी लोखंडी नांगर घडविला. परंतु लोखंडाने जमिनीस विष चढते अशी लोकांची समजूत असल्याने पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली. शेतकऱ्याची गरज मात्र खरी होती. १९१० मध्ये औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. आज ती मुख्यतः पंप बनविते. तथापि केवळ नावावर भुलू नये. याच घराण्याचा, १९४१ साली हरिहर येथे निघालेला म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना पुढे बंद पडला.

दुसरी कसोटी हिशेबाची. दुकानदाराने सारा माल उधार विकला तर वहीत नफा दिसतो, गल्ला मात्र रिकामाच राहतो. म्हणून नफ्याबरोबर रोकड येते काय आणि कर्जाचे व्याज सहज फिटते काय, हे पाच-दहा वर्षांच्या अहवालांवरून पाहावे.

तिसरी कसोटी चालकांची. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. बँकेत दाखविलेली बहुतेक रोकड अस्तित्वातच नव्हती! चालकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकले असतील, तर सावध व्हावे.

चौथी कसोटी निसर्गाची व कामगारांची. नदीत घाण सोडणारा कारखाना आज खर्च वाचवितो, पण उद्या त्यालाच दंड किंवा टाळे भोगावे लागते. पाणी, वीज, प्रदूषण व कामगारांची सुरक्षितता यांविषयीचा अहवाल सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना सक्तीचा केला आहे. तो अवश्य वाचावा.

शेवटची कसोटी किमतीची. उत्तम बैलही दुप्पट दामाने घेतला तर सौदा तोट्याचाच ठरतो.

यांपैकी कोणतीही एक कसोटी पुरेशी नाही, आणि एकदा केलेली पारखही जन्मभर पुरत नाही. म्हणून विद्यार्थी मित्रहो, येत्या सुटीत वडीलधाऱ्यांसह एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा आणि हे पाच प्रश्न त्यास विचारा. उत्तर सापडले नाही, तर पैसा तूर्त घरीच राहू द्या.