घरे वाढली की कोंडी वाढणारच? समजून घ्या मेट्रोलगतच्या घरांचे गणित

पुणे : घर वाघोलीत, नोकरी हिंजवडीत. एक टोक पूर्वेला, दुसरे पश्चिमेला. अशा घरातून निघालेली मोटार रोज अख्खे शहर ओलांडते. म्हणजेच कोंडी फक्त घरांच्या संख्येने वाढत नाही. घर कुठे आहे आणि तिथून गाडीशिवाय निघता येते का, यावरही ती ठरते.

‘टीओडी’ म्हणजे काय?
ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट, म्हणजे सार्वजनिक वाहतुकीलगत दाट वस्ती. केंद्राने २०१७ मध्ये यासाठी राष्ट्रीय धोरण आणले. स्थानकापासून ५०० ते ८०० मीटरच्या आत, चालत जाता येईल अशा अंतरावर घरे, दुकाने आणि कार्यालये एकत्र असावीत, ही त्यामागची कल्पना.

पुण्यात काय तरतूद आहे?
मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरपर्यंत, रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचे क्षेत्र पाहून कमाल ४ एफएसआय मिळू शकतो. म्हणजे ४,००० चौरस मीटरच्या भूखंडावर १६,००० चौरस मीटर बांधकाम. वनाज-रामवाडी आणि पिंपरी-स्वारगेट हे दोन्ही मार्ग २०२४ पासून पूर्ण लांबीने सुरू आहेत.

मग अडचण कुठे?
पार्किंगमध्ये. स्थानकाशेजारच्या टॉवरमध्येही घरटी मोटारीची जागा दिली, तर घरांबरोबर गाड्याही त्याच रस्त्यावर येतील. तळघरात एका मोटारीला ये-जा करण्याच्या वाटेसह सुमारे ३० चौरस मीटर जागा लागते. २०१५ च्या पंतप्रधान आवास योजनेत आर्थिक दुर्बल घटकाच्या घराचे कमाल चटई क्षेत्र तेवढेच होते! या तळघराचा खर्च घराच्या किमतीत मिसळतो. गाडी नसलेल्यालाही त्याची झळ बसते.

दुसरीकडे काय केले?
मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये नियम उलटा केला. नव्या इमारतीत ‘किमान इतके पार्किंग हवेच’ याऐवजी ‘कमाल इतकेच’ अशी मर्यादा घातली.

फक्त पार्किंग कमी केले की झाले?
नाही. पदपथ तुटका असेल, रस्ता ओलांडणे धोक्याचे असेल, तर ५०० मीटरही लांब वाटतात. मेट्रोतून उतरल्यावर कार्यालयापर्यंत बस नसेल, तर दुचाकी बाहेर निघतेच.

घर घेताना काय पाहाल?
जाहिरातीतले ‘मेट्रोपासून ५ मिनिटे’ चालत की गाडीने, हे स्वतः चालून तपासा. शक्यतो रात्री आणि पावसातही.